खेळ फक्त पाठीवर

लग्नाच्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा. मांडीवर ताट घ्या. वाढपी वरण वाढून पुढे गेला की ताटाकडे बघा. वरण समोर जात नाही, ते तुमच्याकडे येतं. घाईने भाताचा बांध घालावा लागतो. हळदीच्या हिंगोली जिल्ह्यातलं वरण पिवळंधमक आणि लग्नातला सदरा पांढरा. साखऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याच गावात लागत नाही. लोक मुकाट्याने पुढे सरकतात, खुर्चीच्या काठावर टेकतात, पाठ वाकवतात आणि जेवून घेतात. बिछायतवाल्याने भाडं पूर्ण खुर्चीचं लावलेलं असतं. वापरात येते पाव.

दोष वरणाचा नाही. मांडवाखालच्या जमिनीचाही नाही. खुर्चीची बैठकच मागे उतरती आहे. पुढचा काठ उंच, मागचा खाली. फरक दोन-तीन बोटांचा. तेवढा पुरतो.

हा उतार चुकून आलेला नाही. १९७२ मध्ये आन्री मासोने या फ्रेंच माणसाने ‘फोतेय ३००’ नावाची प्लास्टिकची आरामखुर्ची काढली. एकाच साच्यातून, एकसंध, दोन मिनिटांच्या आत निघणारी. ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्येच याच जातीच्या, आणखी स्वस्त अशा बागेतल्या खुर्च्या आल्या आणि त्यांच्या नकला जगभर निघाल्या. बागेतल्या, हे महत्त्वाचं. सुट्टीची दुपार, पाय पसरलेले, हातात पेला, समोर हिरवळ. अशा माणसाला मागे रेललेलं बरं वाटतं. त्याला जेवायचं नसतं, लिहायचं नसतं, उठायची घाई नसते. उतार त्याच्यासाठी ठेवला. पावसाचं पाणी साचू नये म्हणून फटी ठेवल्या, त्याही त्याच्याचसाठी. नव्वदच्या दशकात ही खुर्ची आपल्या गावागावांत पोचली. हिरवळ आली नाही. उतार आला.

आता साखऱ्यासारख्या गावात या खुर्चीवर कोण बसतं ते बघा.

ग्रामसभेला आलेला माणूस बसतो. मागे रेललेल्या माणसाला ऐकता येतं. विचारायचं असेल तर आधी पुढे सरकावं लागतं. बचत गटाची सचिव बसते. समोर टेबल नसतं, वही मांडीवर आणि मांडी उतरती. पाच मिनिटांत ती खुर्ची सोडून सतरंजीवर येते आणि मग हिशेब सुरू होतो. बँकेच्या रांगेत, निराधार योजनेच्या पैशांसाठी आलेली म्हातारी बसते. बसताना त्रास होत नाही, उठताना होतो. गुडघे बैठकीच्या वर गेलेले असतात आणि सगळं वजन मागे. खुर्चीला हात असतील तर ती त्यांवर भार देते. बिनहाताची असेल तर शेजारणीचा खांदा धरते. हल्ली मांडवात बिनहाताच्याच जास्त दिसतात, कारण थप्पी उंच लागते आणि टेम्पोत जास्त मावतात.

आपल्याकडे माणूस खुर्चीवर बसला तरी थोड्या वेळाने एक पाय वर घेतो. जागा असली तर मांडीच घालतो. ही शिष्टाचाराची चूक नाही, शरीराची सवय आहे. उतरत्या बैठकीवर मांडी घातली की कंबर मागच्या खळग्यात बसते आणि गुडघे हवेत राहतात. हा अनुभव नसलेला माणूस हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

उतार सगळ्यांनाच नडतो असं नाही. दुपारी पारावर पेपर वाचणाऱ्याला तो सोयीचा आहे. बाळाला पाजायला बसलेल्या बाईलाही कदाचित. पण गावातली बहुतेक बसणी कामाची असतात. जेवणं, लिहिणं, निवडणं, वाटणं, विचारणं, वाट बघणं. विश्रांतीला बाज आहे, ओटा आहे, जमीन आहे. आरामासाठी बनवलेली वस्तू कामाला जुंपली आणि आरामाच्या जुन्या जागा जिथल्या तिथे राहिल्या.

त्यात इथला उन्हाळा. पॉलीप्रॉपिलीन तापलं आणि त्यावर वजन राहिलं की हळूहळू वाकतं आणि वाकलेलं पूर्ण परत येत नाही. स्वस्त खुर्चीत मटेरियल पातळ असतं, दाण्यात चुनखडीची भर असते, जुन्या प्लास्टिकचा चुराही असतो. अशी खुर्ची दोन-तीन लग्नसराया काढते तोवर तिची बैठक आणखी मागे बसलेली असते. म्हणजे उतार नवा असताना होता त्याहून वाढतो.

ही अडचण कारखान्यांना सुचली नसेल असं म्हणावं, तर एक गोष्ट आड येते. कारखान्यात डिझायनर आहेत आणि ते रिकामे बसलेले नाहीत. त्यांचं काम बघायचं तर खुर्चीच्या पाठीकडे बघा. वेताच्या विणीची नक्कल. लाकडाच्या रेषांची नक्कल. पानं, फुलं, उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, जाळी, चौकट, सूर्याचे किरण. दुकानात गेलात तर पाठींचे इतके प्रकार दिसतील की निवड करता येणार नाही. रंगांचं तर विचारूच नका. कल्पनाशक्ती आहे. खेळकरपणा आहे. तो सगळा पाठीवर आहे. बैठक मात्र प्रत्येक खुर्चीला तीच, फ्रान्सच्या बागेतली.

याचं कारण साच्यात आहे. धंद्यातले लोक त्याला डाय म्हणतात. पोलादाचा, काही टन वजनाचा, लाखोंच्या किमतीचा ठोकळा. एकदा कोरला की त्यातून लाखो खुर्च्या काढायच्या. अनेक साच्यांत पाठीचा तुकडा वेगळा ठेवलेला असतो. तेवढा काढून दुसरा बसवला की नवी खुर्ची बाजारात आली. बैठकीचा कोन बदलायचा तर पाठीचा बदलावा लागतो, पायांचा बदलावा लागतो, कारण थप्पी नीट लागायला हे सगळे एकमेकांत बसावे लागतात. म्हणजे डाय पहिल्यापासून कोरायची. पाठ बदलणं स्वस्त, बैठक बदलणं महाग. शिवाय दुकानात थप्पी लावली की बैठका झाकल्या जातात आणि पाठी दिसत राहतात. गिऱ्हाईक जे बघतं तिथे नक्षी. ज्यावर बसतं तिथे काही नाही.

प्लास्टिकशी खेळण्याची मूळ कल्पना मात्र अशी नव्हती. ज्यांच्या नावाने आज संग्रहालयात खुर्च्या ठेवल्या जातात, ते बैठकीशीच खेळत होते. इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी १९६४ मध्ये कार्टेल कंपनीसाठी मुलांची खुर्ची केली. गोल, जाड पाय, रंगीत, अवघी हलकी. एकीवर एक चढवून मुलांनी मनोरे रचावेत, किल्ले करावेत अशी योजना. मुलं खुर्चीवर नुसती बसत नाहीत, तिच्याशी खेळतात, हे निरीक्षण आधी आणि आकार नंतर. जो कोलोंबो याने त्याच कंपनीसाठी १९६७ मध्ये बाजारात आणलेल्या खुर्चीचे पाय सुटे होते. आखूड लावा, लांब लावा. जसं बसणं तशी उंची. प्लास्टिकच्या खुर्चीने बसणाऱ्याला विचारावं, ही गोष्ट तेव्हाच कुणीतरी करून दाखवली होती. इंग्लंडमध्ये रॉबिन डे याने १९६३ ची आपली पॉलीप्रॉपिलीनची खुर्ची पक्की करण्याआधी शेकडो नमुने वास्तुरचनाकारांना आणि इतरांना वाटले, मतं मागवली आणि मग दुरुस्त्या केल्या. पुढे शाळांसाठी त्याने तीच कल्पना पाच मापांत केली. पहिलीतलं मूल आणि दहावीतलं मूल एका मापाचं नसतं, एवढं साधं.

डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनचं उदाहरण तर मुद्दाम बघण्यासारखं आहे. पाय नसलेली, इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली, एकसंध प्लास्टिकची खुर्ची त्याच्या डोक्यात पन्नासच्या दशकापासून होती. प्लास्टिकच्या बादल्यांची नीट लावलेली थप्पी बघून ती सुचली, असं सांगतात. करायला कुणी तयार नव्हतं. १९६७ मध्ये व्हिट्रा कंपनीने ती बाजारात आणली, फायबरग्लास घातलेल्या पॉलिएस्टरची. मग दुसरं प्लास्टिक. मग तिसरं. तिसऱ्यातल्या खुर्च्या काही वर्षांनी तडकायला लागल्या, तेव्हा १९७९ मध्ये उत्पादन थांबवलं. १९८३ मध्ये पुन्हा सुरू, वेगळ्या मटेरियलमध्ये. पॉलीप्रॉपिलीनची, आज सहज मिळणारी, १९९९ ची. तोवर पँटन वारला होता. कित्येक दशकं एका आकाराचा पाठपुरावा, मधे सपशेल अपयश, आणि तरी कुणी त्याला पाठीवर फुलं काढून मोकळा हो असं सांगितलं नाही.

मासोनेलाही दोष देता येत नाही. ‘फोतेय ३००’च्या चार वर्षं आधी, १९६८ मध्ये, त्याने गळ टाकून बसणाऱ्या लोकांसाठी प्लास्टिकचं स्टूल केलं होतं. उचलायला हलकं, ओलं झालं तरी चालणारं, सुटं करून नेता येणारं. बसणारा कोण, कुठे बसणार, किती वेळ, हे त्याला नेमकं माहीत होतं. खुर्ची करतानाही त्याच्या डोळ्यांसमोर बसणारा होता. तो साखऱ्यातला नव्हता, एवढंच. आणि असावा अशी अपेक्षाही नव्हती. अपेक्षा आपल्याकडच्यांकडून होती.

आपल्याकडे तर हा धडा लिहूनच ठेवलेला आहे. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर तांब्याचं. पाणी किती मावावं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, हाताच्या पकडीत कसा यावा, डोक्यावर आणि कमरेवर कसा बसावा, घासायला सोपा कसा पडावा, अशा प्रश्नांची लांबलचक यादीच त्यांनी मांडली. त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइनचं केंद्र निघालं. गंमत अशी की १९५० मध्ये साच्यातली फायबरग्लासची खुर्ची बाजारात आणणारे हेच ते ईम्स. खुर्ची करणाऱ्या माणसांनी तांब्याला प्रश्न विचारले. तांब्या वापरणाऱ्या देशात खुर्चीला मात्र एकही प्रश्न विचारला गेला नाही.

अंतराची सबब चालणार नाही. नीलकमल आणि सुप्रीम या खुर्च्या करणाऱ्या दोन्ही मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. डिझाइनचं केंद्र पवईला. हिंगोलीपर्यंत रेल्वे येते.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते हलकं नाही. या खुर्चीने गावाला बसायला दिलं. त्याआधी गावात खुर्च्या किती होत्या? पाटलाच्या वाड्यात एखादी, शाळेत गुरुजींची, चावडीत साहेब येईल तेव्हासाठीची. बाकीच्यांनी उभं राहायचं नाहीतर खाली बसायचं. खाली कुणी कुठे बसायचं, हेही ठरलेलं. कुणासमोर खुर्चीवर बसलं म्हणून वाद झालेली गावं मराठवाड्याला नवी नाहीत. दोन-अडीच किलोच्या, शे-दोनशेंच्या थप्पीने येणाऱ्या, सगळ्या एका उंचीच्या, एका रंगाच्या या खुर्चीने तो हिशेब बराचसा मोडला. मांडवात कोणती खुर्ची कुणाची, हे सांगता येत नाही. कुठल्याही संग्रहालयातल्या खुर्चीने एवढं मोठं काम केलेलं नाही.

हे सगळं मान्य. पण मग हीच गोष्ट कारखान्याच्या विरोधात जाते. शौकिनाच्या दिवाणखान्यातली एखादी खुर्ची बसायला वाईट असली तर फारसं बिघडत नाही, त्याच्याकडे दुसरी असते. ज्या खुर्चीवर अख्खं गाव बसतं, बारशापासून तेराव्यापर्यंत बसतं, तिचा कोन दोन बोटं चुकला तर तो सगळ्यांचा चुकतो. सगळ्यांना मिळाली हे बैठक न बदलण्याचं कारण कसं होऊ शकतं? आणि स्वस्त आहे म्हणून गप्प बसा, हे उत्तर नेहमी त्यांनाच मिळतं ज्यांना महाग घेता येत नाही.

किमतीचा हिशेबही एकदा करून बघावा. समजा नवी डाय ५० लाखांची पडली. तिच्यातून ५ लाख खुर्च्या निघाल्या. चांगली डाय तेवढ्या काढते. खुर्चीमागे दहा रुपये झाले. बैठक सपाट केली म्हणून प्लास्टिक जास्त लागत नाही. एक खुर्ची काढायला लागणारं साधारण मिनिटभर, ते वाढायचं कारण नाही. थप्पी कदाचित थोडी उंच होईल. बिछायतवाला कुरकुर करील, कारण टेम्पोच्या एका खेपेत काही खुर्च्या कमी बसतील. त्याची कुरकुर खरी आहे आणि ती मोजता येते. जेवणाऱ्याची, लिहिणारीची, उठणारीची कुरकुर मोजायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही.

खुर्च्या फक्त बिछायतवालाच घेतो असंही नाही. ग्रामपंचायत घेते, शाळा घेते, उपकेंद्र घेतं. सरकारी पैशाने घेतात. दरपत्रकात नग लिहिलेले असतात, रंग लिहिलेला असतो, हातांची की बिनहातांची ते लिहिलेलं असतं, दर लिहिलेला असतो. बैठकीचा कोन लिहायला रकाना नाही. तो असता तर डिझायनरला कुठे खेळायचं हे एका वर्षात कळलं असतं. मागणी पाठीची आहे म्हणून पाठ देतो, असं कारखाना म्हणेल. बैठकीची मागणी नोंदवायची सोयच ठेवली नाही, तर ती येणार कुठून?

गावांनी मात्र वाट बघितलेली नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका आणि शिंपी यांच्या खुर्च्या नीट बघा. मशीनवर मागे रेलून चालत नाही, टीप वाकडी जाते. म्हणून मागच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे असतात, कुठे विटेच्या कपच्या, कुठे फळीचा पट्टा. कुणी बैठकीत मागच्या बाजूला पोतं दुमडून ठेवतं. बैठक सपाट होते आणि काम सुरू होतं. तुकडा किती जाडीचा हवा, हे प्रत्येकीने आपल्या मशीनच्या आणि आपल्या पाठीच्या मापाने ठरवलेलं आहे. पवईहून कुणी आलंच तर चित्रांची वही आणू नये, मोजपट्टी आणावी, आणि ते तुकडे मोजून घ्यावेत. एका दुपारचं काम आहे. फक्त मोजताना लिहायला त्याला तिथलीच खुर्ची मिळेल.